अनवाणी गरबा आणि सकाळची टाच: घटस्थापनेआधी आठ आठवड्यांत काय जमेल?

राजमहालरोड:

नमस्कार मंडळी. वय ४३, वजन ६८ किलो, उंची ५ फूट २ इंच. डाव्या टाचेखाली, आतल्या अंगाला पाच महिने दुखतंय. सकाळी उठल्यावर पहिली दहा-बारा पावलं भिंत धरून टाकावी लागतात, मग मोकळं होतं, संध्याकाळी परत ठणका. एक्स-रेमध्ये टाचेचं हाड वाढलेलं निघालं. सल्ला मिळाला तो असा: टाचेत स्टिरॉइडचं इंजेक्शन घ्या, नाहीतर गरबा सोडा.

बडोद्याबाहेरच्यांसाठी सांगते, इथे मोठ्या मैदानात गरबा अनवाणीच खेळतात. मधे माताजी असते, तिच्याभोवती चपला-बूट कुणी घालत नाही. तेव्हा 'चांगले स्पोर्ट्स शूज घ्या' हे उत्तर इथे लागू नाही. रोज अडीच-तीन तास, नऊ रात्री. घटस्थापनेला आठ आठवडे आहेत आणि मधे गौरी-गणपती.

विचारायचंय ते असं:
इंजेक्शन घ्यावं का, आणि घ्यायचं तर कधी?
व्यायाम नेमके कोणते, किती वेळा? 'स्ट्रेचिंग करा' एवढं सगळेच सांगतात.
अनवाणी पायाला पट्टी बांधून खेळता येतं का?
सासूबाई ६८ वर्षांच्या, ११ वर्षं डायबेटीस. त्याही दोन-चार फेऱ्या घेतात. त्यांचे पाय अजिबात दुखत नाहीत, पण तळव्याला भेगा आहेत आणि एक घट्टा. त्यांच्यासाठी काही वेगळं करावं का?

---

पोटरी_आखडली:

फिजिओथेरपी हे माझं काम, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नावर लांबण लावतो.

आधी दुखणं तेच आहे ना, ते ठरवा. खुर्चीत बसून डावा पाय उजव्या मांडीवर घ्या. एका हाताने पाचही बोटं नडगीकडे ओढून धरा. तळव्याच्या मधून एक दोरीसारखी ताठ पट्टी वर येईल. ती टाचेला जिथे मिळते, म्हणजे टाचेच्या खालच्या गादीच्या पुढच्या कडेला आतल्या बाजूला, तिथे अंगठा दाबा. तिथेच 'आई गं' झालं तर तळव्याच्या पट्ट्याचं दुखणं, म्हणजे प्लांटार फॅसायटिस. मग टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून लिंबू पिळल्यासारखी दाबा. यात जास्त दुखलं तर हाडाला बारीक तडा असू शकतो. व्यायाम सुरू करू नका, आधी दाखवा. आतल्या घोट्याच्या हाडामागे बोटाने टिचक्या मारून तळव्यात मुंग्या गेल्या तर नस दबल्याचा संशय. तिचा इलाज वेगळा.

वाढलेल्या हाडाचं फार मनावर घेऊ नका. टाचेला काहीही होत नसलेल्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेत ते दिसतं, आणि बहुतेक वेळा ते पट्ट्यात नसून त्याच्यावरच्या बारीक स्नायूच्या मुळाशी असतं. सोनोग्राफीत पट्ट्याची जाडी ४ मिलिमीटरच्या वर आली तर त्याला जास्त अर्थ आहे. 'हाड टोचतंय' या समजुतीने लोक टाच उचलून चालतात आणि महिन्याभरात चवड्याचं नवं दुखणं घेऊन येतात.

सकाळीच का दुखतं? झोपेत पाऊल खाली झुकलेलं असतं, त्यामुळे पोटरी आणि तळव्याचा पट्टा रात्रभर आखडून राहतात. पहिल्या पावलाला सगळा ताण एकदम. म्हणून ताणायचं ते पाय जमिनीला लावायच्या आधी.

पट्टा ताणणे. पलंगावरच, वर सांगितलेल्या आसनात. बोटांच्या मुळाशी धरून नडगीकडे ओढा, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पट्टा ताठ झालाय का ते चाचपा. १० सेकंद धरा, १० वेळा. दिवसातून तीनदा: उठताना, दुपारी आणि बराच वेळ बसून उठताना. नुसती बोटांची टोकं वाकवली तर पट्टा ताठ होत नाही. सगळ्यात जास्त चूक इथेच होते.

पोटरी. भिंतीला हात, दुखरा पाय मागे, गुडघा ताठ, टाच जमिनीला चिकटलेली, ३० सेकंद, तीनदा. मग तेच मागचा गुडघा थोडा वाकवून, कारण पोटरीचा खोलवरचा स्नायू तेव्हाच ताणला जातो. मागचं पाऊल बाहेर वळू देऊ नका, सरळ भिंतीकडे ठेवा. पाऊल वळलं की ताण पोटरीऐवजी कमानीवर येतो.

ताकद. गरब्यासाठी खरं काम इथे आहे. नुसतं ताणून दुखणं कमी होतं, पण नऊ रात्री उड्या सोसण्याइतका पट्टा त्याने तयार होत नाही. जिन्याच्या खालच्या पायरीवर चवडे ठेवा, टाचा हवेत, कठडा धरा. बोटांखाली एक नॅपकिन गुंडाळून ठेवा, म्हणजे बोटं वर वाकलेली राहतील. बोटं वर वाकली की पट्टा रहाटावर दोर चढावा तसा ताठ होतो आणि भार त्याच्यावर जातो. ३ सेकंदांत टाचा वर, २ सेकंद थांबा, ३ सेकंदांत खाली. मोजताना घाई करू नका, मोबाइलचं घड्याळ समोर ठेवा. रोज नाही, एक दिवसाआड.

पहिले दोन आठवडे: १२ वेळा, ३ फेऱ्या. दोन्ही पायांवर सोपं गेलं की दुखऱ्या एका पायावर.
तिसरा-चौथा आठवडा: पाठीवर दप्तर, त्यात पुस्तकं किंवा तांदळाच्या पिशव्या, १० वेळा, ४ फेऱ्या. वजन एवढं की अकरावी वेळ जमू नये.
पाचव्यापासून: आणखी वजन, ८ वेळा, ५ फेऱ्या.

करताना दहापैकी चारपर्यंत दुखलं तर चालेल. निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो: पहिलं पाऊल नेहमीपेक्षा जास्त दुखलं तर पुढच्या वेळी एक फेरी कमी करा. बंद करू नका.

उड्या सहाव्या आठवड्याआधी नकोत, आणि तेव्हाही अट आहे. दुखऱ्या एका पायावर, सपाट जमिनीवर, १५ वेळा टाच पूर्ण वर जायला हवी. ते जमलं की दोन्ही पायांवर बोटभर उंच उड्या, २० च्या ३ फेऱ्या, सतरंजीवर. सातव्या आठवड्यात अनवाणी गरबा: पहिल्या दिवशी १५ मिनिटं दोन टाळी (संथ चाल), एक दिवस सोडून २५ मिनिटं, मग ४० मिनिटं. हींच (जलद चाल) आणि गिरक्या शेवटी. गिरकीत सगळं वजन एका चवड्यावर पिळलं जातं. हा सराव फरशीवर करू नका, सोसायटीच्या अंगणात मातीवर करा.

---

एमसीआर_कटर:

ऑर्थोटिक्सचं, म्हणजे इनसोल आणि पायाचे आधार बनवण्याचं काम. वरचं सगळं मान्य, पण आठ आठवडे घरात अनवाणी राहून हा व्यायाम म्हणजे एका हाताने भरायचं आणि दुसऱ्याने सांडायचं. गरबा अनवाणी, मान्य. स्वयंपाकघर अनवाणी असायलाच पाहिजे असं कुठे लिहिलंय? मार्बल किंवा कोटा फरशीवर दिवसाचे सहा तास उभं राहणं हेच निम्मं दुखणं.

घरासाठी वेगळ्या सपाता घ्या, बाहेर न नेण्याच्या. देवघराच्या उंबऱ्याशी काढा, बाकी घरात घाला. घेताना दुकानातच तीन गोष्टी बघा. टाचेकडची जाडी पुढच्यापेक्षा १० ते १२ मिलिमीटर जास्त हवी. दोन्ही टोकं धरून वाकवली तर बोटांच्या सांध्यापाशी वाकली पाहिजे, मधून घडी पडली तर परत ठेवा. आणि अंगठ्याने दाबल्यावर सोल दबून लगेच वर यायला हवा. दाबलेला खड्डा तसाच राहतो ते फोम दोन महिन्यांत पापड होतं.

सिलिकॉनचा टाचेचा कप चालेल, पण दोन्ही पायांत. एकाच पायात घातला की एक पाय ६-८ मिलिमीटर उंच होतो आणि कंबर तक्रार करते. मधे भोक असलेली टाचेची गादी नको, भोकाच्या कडेला दाब वाढतो. तयार मिळणारा कमानीचा इनसोल आधी वापरून बघा. साचा घेऊन बनवलेला महाग इनसोल या दुखण्यात बहुतेकांना त्याहून जास्त फायदा देत नाही, हे आमच्या धंद्याला परवडणारं वाक्य नसलं तरी खरं आहे. कमानीचा उंचवटा टाचेच्या लगेच पुढे, आतल्या बाजूला लागला पाहिजे. तळव्याच्या मधोमध गोटीसारखा टोचत असेल तर तो इनसोल तुमच्या मापाचा नाही. पहिल्या दिवशी एक तास, रोज तासभर वाढवा.

आता गौरी. घटस्थापनेच्या साधारण तीन आठवडे आधी त्या येतात, म्हणजे व्यायामाचं वजन वाढवत असतानाच तीन दिवस ओट्यापाशी उभं राहणं. त्या तीन दिवसांत जिन्यावरचा व्यायाम बंद, ताणणं मात्र चालू. ओट्याखाली एक पाट ठेवा आणि एक पाऊल त्यावर, दहा-पंधरा मिनिटांनी पाय बदला. पाट उभा करून नाही, आडवाच. पुरण वाटणं, भाज्या चिरणं, पोळ्या लाटणं बसून होतं. सोळा भाज्या उभ्यानेच चिरल्या पाहिजेत असं गौरींनीही सांगितलेलं नाही.

---

सुई_जपून:

पहिल्या प्रश्नाबद्दल.

इंजेक्शनने काहींना महिनाभर बरं आराम पडतो, पुढे फरक पुसट होतो. तोटे दोन. टाचेखालची चरबीची गादी झिजू शकते आणि ती परत भरून येत नाही. आणि पट्टा तुटू शकतो. त्यामुळे सगळ्यात वाईट वेळ म्हणजे नवरात्रीच्या आठवडाभर आधी. दुखणं गायब, पट्टा कमजोर, आणि माणूस तीन तास उड्या मारतोय. इंजेक्शन घेतलंच तर त्यानंतर काही आठवडे उडी, पळणं, गरबा नाही. तुमच्या हातात आठ आठवडे आहेत, आधी व्यायामाला द्या. सहा महिन्यांच्या वर दुखणं रेंगाळलं तर शॉकवेव्हचा (यंत्राने टाचेवर बाहेरून दिलेल्या लहरींच्या ठोक्यांचा) पर्याय इंजेक्शनच्या आधी विचारा. साधारण आठवड्याच्या अंतराने तीन-चार बैठका असतात. एरवी बहुतेकांची ही टाच वर्षभरात सुईशिवाय बरी होते.

युरिक ॲसिडची तपासणी या टाचेसाठी करू नका. थोडं वाढलेलं निघतं आणि गोळ्या सुरू होतात, टाच तिथेच. मात्र दोन्ही टाचा दुखत असतील आणि सकाळी पाठ अर्ध्या तासापेक्षा जास्त आखडलेली राहत असेल तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा.

एक गोष्ट पावसाळ्यात मुद्दाम सांगण्यासारखी. जुलाब लागले की दुकानातून ऑफ्लोक्सासिन-ऑर्निडाझोलची पट्टी आणून खायची सवय आपल्याकडे फार. ऑफ्लोक्सासिन, सिप्रोफ्लोक्सासिन, लेव्होफ्लोक्सासिन या गटाने टाचेमागची जाड शीर (पोटरीला टाचेशी जोडणारी दोरी, अकिलीस टेंडन) दुखावण्याचा, क्वचित तुटण्याचा धोका असतो, साठीपुढे आणि स्टिरॉइड चालू असेल तर जास्त. ही औषधं चिठ्ठीशिवाय नकोत. चालू असताना टाचेमागे दुखायला लागलं तर उड्या बंद आणि डॉक्टरांना फोन.

---

राजमहालरोड:

सगळ्यांचे आभार. अंगठ्याने दाबल्यावर नेमकं तिथेच दुखलं, लिंबू पिळल्यासारखं दाबल्यावर नाही. मुंग्या नाहीत. नॅपकिनवर दोन पायांनी १२ च्या तीन फेऱ्या केल्या. तिसऱ्या फेरीत दहापैकी पाच दुखलं, दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीइतकंच. पुढे काय? आणि पट्टीचं कुणी सांगेल का? सासूबाईंबद्दलही. त्या म्हणतात, "मला काही दुखतच नाही, माझी काळजी करू नका."

---

पोटरी_आखडली:

सकाळचं वाढलं नाही, म्हणजे डोस बरोबर. फक्त नॅपकिनची गुंडाळी पातळ करा, बोटं कमी वाकतील आणि पाचचं तीनवर येईल. दोन आठवड्यांनी परत जाड.

---

पांढरी_पट्टी:

अनवाणी पायाला बांधता येते, पण रंगीत ताणणारी पट्टी नाही. ती दिसते छान, कमान धरत नाही. औषधाच्या दुकानात झिंक ऑक्साइडची न ताणणारी पांढरी पट्टी मागा, ३.८ सेंटिमीटर रुंद. आदल्या दिवशी दोन इंच तुकडा पायाच्या वरच्या बाजूला लावून बघा. खाज किंवा लाली आली तर विषय संपला.

पाय धुऊन पूर्ण कोरडा, तेल-क्रीम काही नाही. पलंगाच्या कडेबाहेर पाऊल सोडून बसा, पाऊल काटकोनात. हे स्वतःचं स्वतः नीट होत नाही, दुसऱ्याने बांधायचं.

पहिली पट्टी करंगळीच्या मुळापासून, पावलाच्या बाहेरच्या कडेने मागे, टाचेला वळसा, आणि आतल्या कडेने अंगठ्याच्या मुळापर्यंत. शेवटच्या टप्प्यात अंगठ्याचं मूळ किंचित खाली दाबून मग चिकटवा. तशाच आणखी दोन, निम्म्या रुंदीने एकावर एक. मग आडव्या पट्ट्या: तळव्याखालून बाहेरून आत आणि वर ओढत, कमानीला उचलून. टाचेच्या गादीच्या पुढून सुरू करून चवड्याच्या मागे थांबा, चार किंवा पाच लागतात. शेवटी पहिल्यासारखीच एक पट्टी, कडा बंद करायला.

चुका ठरलेल्या आहेत. चवड्याच्या हाडांवर पट्टी आली की तिथे सुरकुती पडून फोड येतो. पावलाला वरून गोल गुंडाळली की उभं राहिल्यावर पाऊल पसरतं आणि बोटं काळपट पडतात. म्हणून वरची बाजू उघडीच ठेवायची. बांधल्यावर लगेच वीस पावलं चाला. बोटांना मुंग्या आल्या तर काढा. बरोबर बसली असेल तर टाचेचं दुखणं त्या वीस पावलांतच कमी जाणवतं. नाही जाणवलं तर ती पट्टी नुसतीच चिकटवली आहे.

घामाने तासा-दीड तासात ती ढिली पडते, त्यामुळे मध्यंतरापर्यंतच तिच्यावर भिस्त ठेवा. रात्री घरी आल्यावर कडांना खोबरेल तेल लावून, त्वचा दाबून धरून, हळूहळू सोला. झटक्यात ओढली की सालपट निघतं आणि उरलेल्या रात्री त्या जागी पट्टी लावता येत नाही.

चवड्यावर आणि अंगठ्याच्या बाहेरच्या कडेला जिथे दरवर्षी फोड येतो तिथे त्याच पट्टीचा गुळगुळीत तुकडा, कोपरे गोल कापून, आधीच लावा. फोड आलाच तर वरची कातडी काढू नका. फार तट्ट भरला असेल तर उकळलेल्या सुईने कडेला एक छिद्र, पाणी दाबून काढा, कातडी तशीच बसू द्या. डायबेटीस असेल तर हे घरी करायचं नाही.

खडी किंवा काच लागली तर नळाच्या धारेखाली साबणाने पाच मिनिटं धुवा, मगच पट्टी. मैदानातली माती लागलेली जखम असेल आणि धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं झाली असतील तर परत घ्या. स्वच्छ, वरवरच्या जखमेला ही मुदत दहा वर्षांची.

---

तळवा_दाखवा:

डायबेटिक फूटच्या ओपीडीतली नर्स. राजमहालरोड ताई, इथे सगळ्यात जास्त काळजी मला तुमच्या टाचेची नाही, सासूबाईंच्या 'काही दुखत नाही'ची वाटते. अकरा वर्षं साखर, तळव्याला भेगा, घट्टा, आणि दुखत नाही: याचा अर्थ पाय चांगला आहे असा धरू नका. जाणीव गेली असू शकते.

आज रात्रीच बघा, दोन मिनिटं लागतात. त्यांना आडवं झोपवा, डोळे मिटायला सांगा. "मी बोटाला हात लावला की डावा की उजवा ते सांगा," एवढंच सांगायचं. तर्जनीच्या टोकाने, पीस लावावं इतक्या हलकेच, एक ते दोन सेकंद: उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, उजवं मधलं बोट, डावं मधलं बोट. टोचायचं नाही, घासायचं नाही, चुकलं म्हणून परत लावायचं नाही आणि "आता कळलं का?" असं विचारायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त चुकले तर जाणीव कमी झालीय असं धरून चाला.

मग नाडी. पावलाच्या वर अंगठ्याच्या शिरेच्या लगेच बाहेर एक, आतल्या घोट्याच्या मागे एक. दोन बोटं सपाट ठेवा, अंगठा नाही, नाहीतर स्वतःचीच नाडी मोजाल. वरची नाडी काही लोकांना जन्मतःच लागत नाही. दोन्हीही लागत नसतील तर मात्र घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून बघणारी डॉप्लर तपासणी हवी. घोटा भागिले दंड हे गुणोत्तर ०.९ च्या खाली आलं तर रक्तपुरवठा कमी. १.३ च्या वर आलं तर 'फार छान' नव्हे, डायबेटीसमध्ये रक्तवाहिन्या कडक झाल्याने आकडा फसवा येतो, मग अंगठ्याचा दाब मोजतात.

निकालावर गरबा ठरेल. सहाही बरोबर आणि नाड्या लागतात: फेऱ्या घ्या, पण आधी-नंतर तळवा बघा. जाणीव कमी: अनवाणी नाही, मैदानातही नाही, देवळातही नाही, घरातही नाही. हे ऐकायला कठोर आहे. काचेचा तुकडा घुसला तरी कळत नाही, दोन दिवसांनी मोज्यावर डाग दिसतो, तोवर आत पू झालेला असतो. मैदानाच्या कडेला खुर्चीत बसून टाळ्या देता येतात. मंडळींना सांगून कडेच्या फेरीत बंद पादत्राण घालून दोन चक्कर मारता आल्या तर तेही बघा. माताजीला पाय शाबूत असलेल्या सासूबाई जास्त आवडतील.

घट्टा. घरी ब्लेड नाही, पेडिक्युअरची किसणी नाही, आणि कुरूप काढायची औषधी पट्टी तर मुळीच नाही. तिच्यात सॅलिसिलिक ॲसिड असतं, ते घट्टा आणि शेजारची चांगली कातडी यात भेद करत नाही. घट्ट्यात काळपट किंवा तपकिरी ठिपका दिसतोय का? तो जुन्या रक्ताचा असतो, खाली जखम तयार होतेय. असा ठिपका असेल तर आठवडा थांबू नका. एसएसजीला (बडोद्याच्या सरकारी सयाजी रुग्णालयात) किंवा डायबेटिक फूट बघणाऱ्या कुठल्याही ओपीडीत घट्टा तासून घ्या.

भेगांना रात्री २० ते २५ टक्के युरियाचं क्रीम, वर सुती मोजे. बोटांच्या बेचक्यांत लावायचं नाही, पावसाळ्यात तिथे आधीच चिखल्या होतात. बेचक्या अंघोळीनंतर पंचाच्या टोकाने एकेक करून कोरड्या करा.

चप्पल: एमसीआरची (बारीक छिद्रांच्या मऊ रबराची), मागे पट्टा असलेली, अंगठ्याची नव्हे. माप संध्याकाळी, उभं राहून, आणि सगळ्यात लांब बोटापुढे सेंटिमीटरभर तरी जागा. घालण्याआधी उलटी करून झटकायची आणि आत हात फिरवायचा, रोज.

अजून एक. अकरा वर्षं मेटफॉर्मिन चालू असेल आणि घर शाकाहारी असेल तर बी-१२ तपासून घ्या. ते कमी असेल तर पायाची जाणीव डायबेटीसने जाते त्यात भर पडते, आणि तेवढा भाग भरून काढता येण्यासारखा असतो.

एक पाऊल अचानक सुजलं, लाल झालं, दुसऱ्यापेक्षा गरम लागतंय, पण फार दुखत नाही: मुरगळलं असेल म्हणून मालिश करू नका, चालवू नका, त्याच दिवशी दाखवा. आतली हाडं ढासळायला लागलेली असू शकतात, आणि सुरुवातीचा एक्स-रे कित्येकदा साफ येतो.

---

मांडवी_जुना:

एवढं सगळं कशाला? गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडवा, सरसोंचं तेल चोळा, ॲक्युप्रेशरच्या काटेरी सपाता घाला. तीन पिढ्या हेच चाललंय.

---

तळवा_दाखवा:

काका, सुनेने कोमट पाण्यात पाय बुडवले तर काही बिघडणार नाही, बरंही वाटेल. सासूबाईंनी बुडवले तर पाणी ५० अंश आहे की ३५ ते त्यांच्या पायाला कळेलच असं नाही. पाणी ३७ अंशांच्या खाली हवं, आणि ते बघायचं थर्मामीटरने किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाच्या कोपराने, त्यांच्या पायाने नाही. शेकायची पिशवी नको. बर्फाची बाटली तळव्याखाली फिरवायची युक्तीही सुनेपुरतीच, मोजा घालून, दहा मिनिटं. काटेरी सपाता जाणीव गेलेल्या पायाला घालणं म्हणजे दिवसभर खडीवर उभं करणं. सुनेच्या टाचेलाही त्याचा उपयोग नाही.

---

राजमहालरोड:

सासूबाईंचे सहापैकी तीन चुकले. दोन्ही करंगळ्या आणि डावं मधलं बोट. घट्ट्यात ठिपका आहे, फिकट तपकिरी. उद्या सकाळी ओपीडीत नेते. त्यांना खुर्चीचं कसं सांगायचं ते बघते.

शेवटचं: नवरात्रीत मधेच दुखायला लागलं तर कुठल्या दुखण्यावर थांबायचं आणि कुठल्यावर खेळायचं?

---

तळवा_दाखवा:

जाताना चालू गोळ्यांची पट्टी आणि शेवटचा एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचा) रिपोर्ट बरोबर न्या. घट्ट्यावर आज रात्री क्रीम लावू नका, कोरडा असला की नीट दिसतो.

---

पोटरी_आखडली:

सकाळच्या पहिल्या पावलाला आकडा द्या. रोजच्या इतकाच: त्या रात्री खेळा. दोनने वाढला: त्या रात्री अर्धा वेळ, दोन टाळी आणि तीन टाळीच, हींच नाही, उडी नाही. सलग दोन सकाळी वाढलेला: एक रात्र बसा. नऊपैकी पाच-सहा रात्री, मधेमधे विसावा घेत, हा हिशेब आधीच धरला तर अष्टमीला पाय शिल्लक राहतो. पहिल्या तीन रात्री सगळं उधळून चौथ्या दिवशी लंगडणारे दरवर्षी मैदानाच्या कडेला बसलेले दिसतात.

हे मात्र वाट न बघता थांबण्याचे. खेळताना टाचेखाली किंवा टाचेमागे 'टक्' झालं आणि चवड्यावर उभं राहता येईना. पोटरीत कुणी मागून दगड मारल्यासारखं झालं. पावलाच्या वरच्या बाजूला एका बोटाएवढ्या जागी हाडावर दुखतं, त्या पायावर उडी मारवत नाही: हाडाला बारीक तडा, पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत दिसेलच असं नाही, म्हणून साफ एक्स-रे दाखवून परत मैदानात जाऊ नका.

घोटा मुरगळला तर चार पावलं टाकता येतात का बघा, लंगडत टाकली तरी चालेल. टाकता आली नाहीत तर एक्स-रे. टाकता आली तरी घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागची कड खालून सहा सेंटिमीटर वरपर्यंत बोटाने दाबत या, मग करंगळीच्या रेषेत पावलाच्या बाहेरच्या कडेच्या मधोमध असलेला हाडाचा उंचवटा, आणि आतल्या बाजूला घोट्याच्या पुढे-खालचं हाड. यातलं एकही दाबल्यावर हाडावरच दुखलं तर एक्स-रे. नुसतं पुढच्या मऊ भागात दुखत असेल तर क्रेप बँडेज बांधा, पाय उशीवर ठेवा, आणि त्या रात्रीपुरता गरबा संपला.

क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून वर, घट्टपणा वर जाताना कमी करत. उलट बांधलं तर पाऊल फुगतं.